नोंदीतून निसटलेलं काकड

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पालघर जिल्ह्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. शाळेचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही शाळेत घडू शकलं असतं. पहिले दोन पाऊस होऊन गेले होते आणि नववीच्या वर्गाने रानभाज्यांचा उपक्रम घेतला होता. शाळा तालुक्याच्या गावातली. बरीचशी मुलं बाजारपेठेतली, काही आजूबाजूच्या पाड्यांवरची. टेबलावर टाकळा होता, कुरडू होती, फोडशी होती आणि शेवळांच्या दोन मोठ्या जुड्या होत्या. प्रत्येक भाजीपुढे एक छापील माहितीपत्रक होतं. विज्ञानाच्या बाईंनी इंटरनेटवरचे ज्ञानकोश आणि वनस्पतींची संकेतस्थळं धुंडाळून, बरीच मेहनत घेऊन ही पत्रकं तयार केली होती.

शेवळांच्या पत्रकावर शास्त्रीय नाव होतं – अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. कुल अळूचं. आढळ पश्चिम घाट. शेवटी 'उपयोग: कोवळ्या फुलोऱ्याची भाजी करतात.' बाईंनी भाजी केली. कांदा, लसूण, खोबरं, सगळं व्यवस्थित. पहिला घास घेतलेल्या चार-पाच मुलांनी आणि दोन शिक्षकांनी (त्यांतला एक मी) थोड्याच वेळात घसा धरला. जिभेवर आणि घशात बारीक सुया टोचल्यासारखं होत होतं. तासाभरात सगळ्यांना बरं वाटलं, पण उपक्रम तिथेच थांबला.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी आवाज ऐकून आल्या. त्या वारली समाजातल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून एकच विचारलं, "बाई, काकडं नाय घातली?"

काकडं होती. शेवळं आणणाऱ्या मुलीने आपल्या पिशवीत काकडांची एक पुरचुंडीही आणली होती. पण उपक्रम भाज्यांचा, आणि काकड हे फळ. त्यामुळे ती पुरचुंडी बाजूला खिडकीत ठेवली गेली होती. मुलीला वाटलं, बाईंना माहीत असेलच.

ही पुरचुंडी खिडकीत का गेली, हा या लेखाचा विषय आहे. त्यात बाईंची चूक शोधण्याचा हेतू नाही. त्यांनी जे केलं ते आपण सगळेच रोज करतो. संदर्भग्रंथ उघडतो, नोंद वाचतो आणि नोंद म्हणजे ज्ञान असं धरून चालतो. पूर्वी हे संदर्भग्रंथ कपाटात असत, आता ते संगणकावर आणि मुलांच्या हातातल्या फोनवर आहेत. आदिवासींजवळ असलेलं, तोंडी चालत आलेलं ज्ञान या नोंदींमध्ये कसं येतं, येताना त्याचं काय होतं, हे शिक्षकांनी एकदा नीट तपासायला हवं.

घरी आल्यावर मी शेवळांवरच्या नोंदी शोधल्या. बऱ्याच सापडल्या. एकीतली वाक्यं दुसरीत, दुसरीतली तिसरीत, असं चाललेलं होतं. वर्णन उत्तम: कंद, त्यातून आधी येणारा फुलोरा, नंतर येणारं पान. उपयोगाची ओळ मात्र सगळीकडे साधारण तीच. मग काकड शोधलं. गरुगा पिनाटा. (यातलं 'गरुगा' हे वंशनाम तेलुगु लोकनावावरून घेतलेलं आहे. रॉक्सबर्गसारख्या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी निदान एवढं तरी केलं.) काकडाच्या नोंदीत वृक्षाची उंची, पानगळ, लाकूड, चारा आणि 'फळे आंबट, खाद्य' एवढं होतं. शेवळाच्या पानावर काकड नाही, काकडाच्या पानावर शेवळ नाही. स्वयंपाकाच्या काही पानांवर ही दोन नावं एकत्र दिसतात, पण त्या पाककृती. ज्ञानकोशाच्या दृष्टीने त्या वनस्पतीच्या माहितीत मोडत नाहीत.

म्हणजे नोंदींमध्ये चुकीचं असं काहीच नव्हतं. वनस्पती बरोबर, नाव बरोबर, उपयोगही बरोबर. तरी त्यांवर विसंबून केलेली भाजी खाण्याजोगी झाली नाही. कारण पाड्यावरचं ज्ञान 'शेवळ खाण्यायोग्य आहे' असं नाहीच. ते ज्ञान 'शेवळ काकडाबरोबर खाण्यायोग्य आहे' असं आहे. ज्ञानकोशाची बांधणी एका वनस्पतीला एक पान अशी असते. दोन वनस्पतींच्या मधे जे असतं, त्याला तिथे जागा नसते.

मावशींना मी नंतर पुन्हा भेटलो आणि सगळं विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: शेवळांची वरची पाती सोलायची. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, तोच जास्त खाजतो. उरलेलं बारीक चिरायचं. काकडं शिजवून, कुस्करून, बिया काढून त्यांचा गर घालायचा. काकडं मिळाली नाहीत तर चिंच चालते, पण मग शिजवायला वेळ जास्त. पाऊस जोरात सुरू झाला की शेवळं संपतात आणि त्याच कंदातून पान येतं. कोवळं असताना त्याचीही भाजी होते, तिला लोत म्हणतात. तीही आंबट घालूनच.

यातला पिवळा भाग म्हणजे फुलोऱ्याच्या दांड्यावरची प्रत्यक्ष फुलं. वर्गात अळूच्या कुलाचा फुलोरा शिकवताना आपण 'महाछद' आणि 'स्थूलकणिश' हे शब्द फळ्यावर लिहितो. मावशींना ते शब्द ठाऊक नाहीत, पण महाछद ठेवायचा आणि फुलं टाकायची, हे त्यांना ठाऊक आहे. आणखी एक गंमत पाहा. एकाच वनस्पतीला त्यांच्याकडे दोन नावं आहेत, शेवळ आणि लोत. नोंदींमध्ये ही दोन्ही 'स्थानिक नावे' या सदरात स्वल्पविराम देऊन शेजारी-शेजारी ठेवलेली असतात, जणू काही ती समानार्थी आहेत. ती समानार्थी नाहीत. एक फुलोऱ्याचं आणि एक पानाचं, एक पावसाच्या तोंडाचं आणि एक पावसातलं. त्या स्वल्पविरामात अख्खं ऋतुमान बुडालेलं आहे.

आता प्रश्न येतो काकड नेमकं काय करतं याचा. इथे इंटरनेटवर एक तयार उत्तर मिळतं: अळूच्या कुलातल्या वनस्पतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सूच्याकार स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आंबट पदार्थातल्या आम्लात ते विरघळतात. पहिली दोन विधानं बरोबर आहेत. तिसरं वाचताना रसायनशास्त्राच्या शिक्षकाने जरा थांबावं. बारावीच्या प्रयोगशाळेत कॅल्शियमची परीक्षा आपण कशी घेतो? ऑक्झलेटचा पांढरा साका पडतो आणि तो ॲसिटिक आम्लात विरघळत नाही, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो. मग चिंचेच्या किंवा काकडाच्या सौम्य आम्लात, पातेल्यातल्या अर्ध्या तासात, सगळे स्फटिक विरघळत असतील हे इतक्या सहज कसं मान्य करायचं? १९९० च्या दशकाच्या शेवटी अळूच्या गटातल्या खाद्य वनस्पतींवर जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात नुसती सुई पुरेशी नसते, सुईवर एक प्रथिनविघटक विकर असतं आणि दाह त्या दोघांचा मिळून होतो, असा पुरावा मांडला गेला. तसं असेल तर आंबटाचा आणि शिजवण्याचा परिणाम त्या विकरावर होत असणं जास्त संभवतं. (हा प्रयोग शाळेत जिभेवर करून पाहू नये. सूक्ष्मदर्शकाखाली शेवळाचा पातळ छेद ठेवला तर सुया दिसतात, तेवढं पुरेसं आहे.)

हे मुद्दाम विस्ताराने लिहिलं, कारण यात एक उलटापालट दिसते. मावशींचं विधान तपासता येतं: काकड घालून एक भाजी, न घालता एक. ज्ञानकोशी विधान – 'आम्लात ऑक्झलेट विरघळतं' – हे मात्र कुणी न तपासता एका पानावरून दुसऱ्यावर उतरवलेलं असतं. तरीही पहिल्याला 'लोकसमज' म्हणतात आणि दुसऱ्याला 'वैज्ञानिक कारण'.

असं का होतं, हे समजण्यासाठी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशांचा नियम पाहायला हवा. विकिपीडियाचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे नियम उघडपणे लिहून ठेवलेले आहेत. नियम असा की जे लिहाल त्याला प्रसिद्ध झालेला, भरवशाचा संदर्भ हवा. स्वतःचं नवं संशोधन तिथे मांडायचं नाही. हा नियम वाईट नाही. कुणीही काहीही लिहू शकेल अशा जागी असा कुंपणाचा दगड नसेल तर तिथे गोमूत्रापासून गुरुत्वाकर्षणापर्यंत काय काय उगवेल, याची आपण कल्पना करू शकतो. विज्ञान चळवळीतल्या माणसाने पुराव्याच्या आग्रहाला नावं ठेवू नयेत.

अडचण पुराव्याच्या आग्रहात नाही. 'तपासता येणारं' आणि 'छापलेलं' हे एकच मानलं जातं, तिथे आहे. तोंडी ज्ञान छापलं जातं ते बाहेरचा कुणी येऊन छापतो तेव्हा. मग संदर्भ म्हणून नाव येतं ते छापणाऱ्याचं. शेवळांच्या बाबतीत तर आणखी गमतीशीर प्रकार आहे. ठाणे, कल्याण, वसईच्या बाजारात जूनमध्ये शेवळं आणि काकडं शेजारी-शेजारी मांडून बसतात त्या आदिवासी बायका. पण कागदावर आणि संकेतस्थळांवर शेवळं ओळखली जातात ती प्रामुख्याने सीकेपींचा खास पदार्थ म्हणून. सीकेपी घरांत ही भाजी फार प्रेमाने होते, यात शंका नाही, आणि त्यांनी तिचं तंत्र जपलं हेही खरं. पण ज्यांच्या हातून ती जोडी दरवर्षी शहरात येते, त्यांचा उल्लेख 'आदिवासी बायका विकायला आणतात' एवढ्यावर संपतो. ज्या समाजाने पुस्तक लिहिलं, पदार्थ त्याचा झाला.

छापील पुराव्याच्या या आग्रहाची किंमत किती मोठी असू शकते, ते हळदीच्या प्रकरणात दिसलं होतं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने या पेटंटला १९९६ मध्ये आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा सांगत नाही. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात अमेरिकेबाहेर एखादी गोष्ट लोकांना माहीत असणं किंवा तिचा वापर होत असणं याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. बाहेरचं चालायचं ते फक्त पेटंट किंवा छापील प्रकाशन. कोट्यवधी घरांत बोट कापलं की हळद चेपतात, हे सांगून काहीच झालं नसतं. उपयोगी पडले ते जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आलेला एक शोधनिबंध. अमेरिकेने हा फरक काढून टाकला तो नव्या कायद्याने, २०१३ पासून.

या अनुभवातून पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय उभं राहिलं. २००१ मध्ये सुरू झालेल्या या कामात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग अशा परंपरांच्या ग्रंथांतली लाखो सूत्रं इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी आणि स्पॅनिश भाषांत आणून पेटंट कार्यालयांना उपलब्ध करून दिली गेली. काम भव्य आहे आणि उपयोगीही ठरलं आहे. पण त्याचा पाया ग्रंथ हाच आहे. ज्यांच्याजवळ ग्रंथ होते त्यांचं ज्ञान सुरक्षित झालं. शेवळ आणि काकड यांची जोडी कोणत्या संहितेत सापडणार? शिवाय हे ग्रंथालय बराच काळ पेटंट कार्यालयांपुरतंच खुलं होतं. इतरांसाठी ते टप्प्याटप्प्याने खुलं करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला तो २०२२ मध्ये.

नोंदीत ज्ञान सांगणाऱ्याचं नाव येणं अशक्य असतं, असं कुणी म्हणू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी हे झालेलं आहे. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३ या काळात. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याचं निवेदन छापलेलं आहे आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांचंही. नाव, गाव, आपण हे ज्ञान दिलं याची साक्ष, सगळं. झाडांवर चढून फांद्या आणणाऱ्यांची नावं त्यातही नाहीत, पण तरी ही मोठीच गोष्ट आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने आपल्या ग्रंथात या खंडांचा भरपूर आधार घेतला. त्याच्या पद्धतीत वनस्पतीला दोन शब्दांचं नाव आलं, आधीच्या ग्रंथाचा खंड आणि पान आलं. अच्युतन वैद्य गळाले. आजच्या इंटरनेटवरच्या नोंदी लिनियसच्याच वळणाच्या आहेत. आपला मराठी विश्वकोशही याला फारसा अपवाद नाही. नोंदीच्या सुरुवातीला कंसात हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत, इंग्रजी नावं दिलेली असतात. वारली, कातकरी, कोकणा बोलींतली नावं त्या कंसात क्वचितच शिरतात. नोंदीच्या तळाशी नोंदलेखकाचं नाव असतं, ते असायलाच हवं. सांगणाऱ्यासाठी मात्र जागाच आखलेली नसते.

इथपर्यंत वाचून वाटेल की उपाय सोपा आहे: सगळं तोंडी ज्ञान भराभर नोंदवा, नावासकट इंटरनेटवर चढवा. मलाही काही वर्षं तसंच वाटत होतं. मत बदललं ते केरळातल्या काणी लोकांचं प्रकरण नीट वाचल्यावर.

डिसेंबर १९८७ मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञ अगस्त्यमलाईच्या डोंगरात हिंडत होते. बरोबर काणी आदिवासी वाटाडे होते. चढ चढून शास्त्रज्ञ दमले, वाटाडे मात्र अधूनमधून एक छोटं फळ खाऊन ताजेतवाने. आधी सांगायला ते तयार नव्हते, मग त्यांनी रोप दाखवलं: आरोग्यपच्चा, ट्रायकोपस झेलॅनिकस. पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने त्यावर काम करून 'जीवनी' हे औषध तयार केलं, १९९५ मध्ये त्याचं तंत्र कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधन या अटीवर दिलं आणि मिळेल त्यातला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी स्थापन झाला. जगभर हे लाभवाटपाचं आदर्श उदाहरण म्हणून गाजलं.

संदर्भग्रंथांत ही कथा इथवर येते. तिची दुसरी बाजू शोधावी लागते. काणींमध्ये औषधाचं ज्ञान परंपरेने 'प्लाथी' म्हणजे वैदूंकडे असतं. ते सर्वांसाठी नसतं. आपल्या समाजाचं ज्ञान खासगी कंपनीला दिलं जात आहे, याला त्यांच्यातल्या काही प्लाथींनी १९९५ मध्येच सरकारला लिहून विरोध केला होता. म्हणजे वाटाड्यांनी सांगितलं म्हणून 'काणींनी सांगितलं' असं म्हणता येईल का, हाच प्रश्न होता. पुढे वनखात्याच्या नियमांमुळे जंगलातून पानं गोळा करणंही अडलं. आज कोणीही फोनवर आरोग्यपच्चाची माहिती मिळवू शकतो. वनस्पतीच्या नोंदीत 'काणी आदिवासी थकवा घालवण्यासाठी वापरतात' हे वाक्य असतं. ते काणींना हवं होतं का, हे विचारण्याची सोय नोंदीच्या आराखड्यात नाही.

तेव्हा प्रश्न दुहेरी आहे. लिहिलं नाही तर हळदीसारखं दुसराच कुणी हक्क सांगतो. लिहिलं तर आरोग्यपच्चासारखं ते सगळ्यांचं होतं आणि मूळ धन्याचं उरत नाही. 'ज्ञान सर्वांना खुलं असावं' हे वाक्य मी आयुष्यभर वर्गात बोलत आलो आहे. ते न्यूटनच्या नियमांबद्दल मला अजूनही शंभर टक्के मान्य आहे. प्लाथीच्या मुळीबद्दल ते बोलण्याचा अधिकार मला आहे का, याबद्दल आता तेवढी खात्री नाही.

ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक या गावच्या वारुमुंगु लोकांनी यावर आपल्या परीने मार्ग काढला. २००७ च्या सुमारास किम्बर्ली क्रिस्टन या अमेरिकन अभ्यासिकेबरोबर त्यांनी आपल्या छायाचित्रांचा आणि माहितीचा एक संगणकीय संग्रह बनवला, 'मुकुर्तु' नावाचा. हा त्यांच्या भाषेतला शब्द. जपून ठेवायच्या वस्तूंच्या झोळीला ते मुकुर्तु म्हणतात. या संग्रहात कोण काय पाहू शकेल हे समाजाच्या रीतीप्रमाणे ठरतं. काही स्त्रियांनीच पाहायचं, काही पुरुषांनीच, काही विशिष्ट घराण्यानेच. ग्रंथालयशास्त्राच्या चौकटीत हे विचित्र वाटतं. आपल्या अनेक घरांत आजीच्या औषधाच्या बटव्याबाबत मात्र हेच चालत असे.

आपल्याकडे याच्याशी नातं सांगणारी गोष्ट म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गावकऱ्यांना बरोबर घेऊन अशा नोंदवह्यांचे प्रयोग केले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि २००४ च्या नियमांनी त्यांना कायद्यात स्थान मिळालं. कल्पना फार चांगली: गावाची समिती, गावाची वही, काय लिहायचं ते गावाने ठरवायचं. पण पुढे बरीच वर्षं काम रेंगाळलं आणि मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. गावात न बसता, एका वहीवरून दुसरी, असंही झाल्याची टीका झाली. म्हणजे शेवळांच्या नोंदींसारखंच. फरक इतकाच की इथे शिक्का सरकारी.

मग शाळेने काय करावं? २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी विकिपीडियासाठी एक प्रयोग केला होता. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या तीन भाषांत त्यांनी जाणकारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या मुद्रणांनाच संदर्भ मानून खेळ, पाककृती, विधी अशा विषयांवर नोंदी लिहवून घेतल्या. कोण बोललं, कुठे, कधी, हे प्रत्येकाला ऐकता येत होतं. आक्षेपही आले: एका माणसाचं म्हणणं पुरावा कसं मानायचं? आक्षेप रास्त आहे, पण छापील प्रवासवर्णनही एका माणसाचंच म्हणणं असतं. विकिपीडियाची सर्वसाधारण रीत त्या प्रयोगाने बदलली नाही.

त्या शाळेत दिवाळीनंतर आम्ही याच धर्तीवर एक वही सुरू केली. इंटरनेटवर काही चढवायचं नाही, असं आधीच ठरवलं. प्रत्येक पानावर पाच रकाने: काय, कशाबरोबर, केव्हा, कोणी सांगितलं, आणि इतरांना सांगू का. 'कशाबरोबर' हा रकाना काकडामुळे आला. ज्या मुलीची पुरचुंडी खिडकीत राहिली होती, तिने शेवळांचं पान भरलं. बाईंनी जुनं माहितीपत्रक त्याच्या शेजारी चिकटवलं. आठवीतल्या एका मुलाने चिंच घातलेली आणि काकड घातलेली भाजी शिजायला लागणारा वेळ आईकडून विचारून लिहिला. दोन घरांची उत्तरं जुळली नाहीत. त्याने दोन्ही लिहिली.

खिचडीच्या मावशींनी सतरा वनस्पती सांगितल्या. नावासकट लिहायला त्यांची हरकत नव्हती, उलट नाव नीट लिहिलंय ना, हे त्यांनी नातवाकडून वाचून घेतलं. अठराव्या वेळी मुलीने एका मुळीबद्दल विचारलं. तिच्या आजीने बाळंतपणात ती घेतली होती, एवढंच तिला माहीत होतं. मावशी म्हणाल्या, "ती सुईणीची हाय. मी नाय सांगायची."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. पान कोरं सोडू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कोरं नको, जे झालं ते लिही. अठराव्या पानावर पहिल्या रकान्यात 'एक मुळी' असं लिहिलेलं आहे. पुढचे दोन रिकामे आहेत. चौथ्यात मावशींचं नाव आणि तारीख. पाचव्यात 'नाही'.